वाफशाआधी वॉटर बॉडी बघून घ्या

रोहिणी 25 मेच्या सुमारास निघते, मृग 7-8 जूनला. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात मोगडणी आणि रोटाव्हेटर उरकायला त्यामुळे हातात मोजकेच दिवस उरतात. पारा चाळिशीच्या पुढे, काळ्या रानात विटेसारखी ढेकळं. वर्षातलं जड काम ट्रॅक्टरला आताच पडतं आणि टेंपरेचरचा काटा लालात जातो तोही आताच.

काटा चढला की आपण रेडिएटरला शिव्या देतो. त्याआधी, इंजिन पूर्ण थंड असताना, वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. मेस्त्री या पंपालाच वॉटर बॉडी म्हणतात. तिथे हरभऱ्याएवढं भोक सापडेल. आतलं सील गळू लागलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. भोकाभोवती पांढरा किंवा तांबूस ओघळ वाळलेला दिसला तर सील गेलं समजा. काहीजण तिथे एम-सील दाबून मोकळे होतात. गळती दिसेनाशी होते, पण पाणी बेअरिंग खायला लागतं. बहुतेक ट्रॅक्टरांत पंखा याच शाफ्टवर असतो. शाफ्ट डोलू लागला की एक दिवस पाती रेडिएटरच्या जाळीत घुसतात आणि पंपाचं काम रेडिएटरवर जातं. म्हणून इंजिन बंद ठेवून पंखा धरून पुढे-मागे हलवून बघा. खेळ जाणवला तर पेरणीची वाट बघू नका.

सुटा भाग आणायला जाताना जुना पंप आणि इंजिन नंबर सोबत न्या. मॉडेलचं नाव तेच, पण साल वेगळं असेल तर पंपही वेगळा निघतो. इंजिन गरम असताना रेडिएटरचं टोपण कधीही उघडू नका. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, टोपण निघताच मात्र एकदम उसळून तोंडावर येतं. बोल्ट लहान-मोठे असतात, तेव्हा पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून ज्याचा बोल्ट त्याच जागी खोचून ठेवा.

जास्त वेळ द्यायचा तो जुनं पॅकिंग खरवडायला. गेल्या साली आमच्या मेस्त्रीने घाईत जुन्यावरच नवं बसवलं आणि दुसऱ्या दिवशी तुरीच्या रानात सगळं पाणी सांडलं. धातू चकचकीत दिसेपर्यंत खरवडा, मात्र ओरखडे पडू देऊ नका. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच लवावा. नेमकं माप पुस्तिकेत असतं. घसरायच्या भीतीने तारेसारखा ताणलेला बेल्ट नव्या बेअरिंगचाच बळी घेतो.

आता पाणी. बोअरच्या पाण्याने हंड्यावर पांढरा थर बसतो, तोच इंजिनातही बसतो. डिस्टिल्ड पाण्यात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट मिसळा. तयार मिश्रण आणलं तर वरून पाणी घालू नका. भरल्यावर टोपण उघडं ठेवूनच थंड इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम झाला की आतली हवा निघते, पातळी खाली जाते. मग पुन्हा भरून टोपण लावा. आपला मुलूख उष्ण म्हणून थर्मोस्टॅटच काढून फेकायची रीत गावोगाव आहे. मला ती अजिबात पटत नाही. इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त जातं, ऑइलही लवकर खराब होतं.

पहिला तासभर जड काम झालं की थांबून भोक बघा. नव्या सीलमधून सुरुवातीला एखाद-दोन थेंब आले तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही ओलं दिसलं तर पंप काढून दुकानात परत न्या. पावती तोवर जपून ठेवा.