नानांचा सात नंबर

"नंबर किती, सर?" फोनवरच्या मुलीने विचारलं आणि नानांनी लगेच सांगितलं, "सात."

नाना म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याहत्तर, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सातारा डेपोत होते तेव्हापासून ते सात नंबरच घालत आले. जन्मतारीख बदलत नाही तसा पायाचा नंबरही बदलत नाही, अशी त्यांची समजूत. माझीही तीच होती. त्या एका 'सात'पायी आम्ही पुढे जवळजवळ अडीच महिने नाचलो.

नानांना अकरा वर्षांपासून साखर आहे. उघडी चप्पल सोडा, पुढून रुंद आणि आतून मऊ असा बंद बूट घाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते 'बघू, बघू' म्हणत राहिले. मग एका दुपारी टीव्हीवरच्या खरेदीच्या चॅनेलवर एक माणूस बूट हातात घेऊन पोळीसारखा दुमडून दाखवू लागला. वर 'मोजकेच जोड शिल्लक'. मी ऑफिसात. नानांनी फोन फिरवला. किंमत बाराशे नव्व्याण्णव, पैसे माल हातात आल्यावर. संध्याकाळी मला अभिमानाने सांगितलं, "दुकानात जायचं कामच नाही, घरपोच येतात."

सहाव्या दिवशी आले. खोक्यावर ठळक सात. तळव्यावरही सात. नानांनी पाय घातला, उभे राहिले आणि म्हणाले, "जरा आवळतोय. चार दिवसांत सैल पडेल."

इथे पहिली चूक झाली. चामडं वापरून थोडं सैलावतं. हे बूट रेक्झिनचे होते आणि खाली रबर. तसा माल पायाला जागा देत नाही, पायालाच आपल्या आकारात बसवायला बघतो. नाना दोन दिवस ते घरातल्या घरात घालून फिरले. तिसऱ्या दिवशी मोजे धुवायला घेतले, तर उजव्या मोज्याच्या करंगळीपाशी तपकिरी डाग. नानांना विचारलं, दुखतं का? "नाही बुवा." पाय पाहिला तर करंगळीच्या बाजूचा फोड फुटून साल निघालेली.

बूट कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं म्हणतात. जुन्या मधुमेहात तेवढंही कळेलच असं नाही. साखरेने नसा बोथट होतात, चिमटा, चटका, खडा काही जाणवत नाही आणि जखम भरायलाही वेळ लागतो. नानांची जखम लहान होती, तीन आठवडे ड्रेसिंग करून भरली. डॉक्टर मला म्हणाले, नशीब म्हणा मोजे पांढरे होते.

त्यानंतर मी बूट उचलून नीट पाहिला. जिभेच्या आतल्या बाजूला नखाएवढी पट्टी शिवलेली, तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं: यूएस ७, यूके ६.

म्हणजे सात होता, पण अमेरिकेचा. आपल्याकडे बाजारात सहसा ब्रिटिश नंबर चालतो. पुरुषांच्या बुटांत अमेरिकी नंबर ब्रिटिश नंबरापेक्षा साधारण एकाने जास्त असतो, त्यामुळे अमेरिकेचा सात हा आपला सहा. बायकांच्या पादत्राणांत हा फरक बहुधा दोनाचा पडतो. युरोपाचा बेचाळीस, त्रेचाळीस हा हिशेब आणखी वेगळा. नुसता 'सात' हा आकडा, कुठला सात ते कळल्याशिवाय, निरुपयोगी आहे.

या ब्रिटिश नंबराची कूळकथा मजेशीर आहे. एक नंबर म्हणजे एक जवाचा दाणा, इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलीमीटर. मोजणी सुरू होते चार इंचांपासून. तिथून लहान मुलांचे तेरापर्यंत नंबर आणि मग मोठ्यांसाठी पुन्हा एकपासून. (आपल्याकडच्या जुन्या मोजमापातही आठ यवांचा एक अंगुल होताच. फक्त आपण दाणे आडवे मांडले, त्यांनी उभे.) युरोपाचा एक नंबर सेंटीमीटरचा दोन तृतीयांश. ही मापं पायाची नसतात, बूट ज्या फर्म्यावर घडतो त्या फर्म्याची असतात. या हिशेबाने ब्रिटिश सहाचा फर्मा २६२ मिलीमीटरचा येतो. नानांचा उजवा पाय मी नंतर मोजला, तर तोही २६२. बोटांपुढे एक-सव्वा सेंटीमीटर मोकळी जागा लागते, तिथे कागद सरकवायला जागा नव्हती. शिवाय लांबी जमली तरी रुंदीचं काय? डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय मोजले. त्यात भारतीय पाय परदेशी मापांच्या मानाने पुढून रुंद निघाले. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धतही सुचवली गेली, 'भा' म्हणजे भारत. नानांनी आयुष्यभर हलत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली, त्यांचा पंजा तर पसरलेलाच.

मी फोन लावला. बऱ्याच वेळाने माणूस लाभला. त्याने विचारलं, "मॅडम, साइज बसत नाही, असंच ना?" मी म्हटलं, "हो."

ही दुसरी चूक, आणि माझी. त्या एका 'हो'ने आमची तक्रार त्यांच्या खात्यात 'साइज बसत नाही' या रकान्यात गेली. म्हणजे माल बरोबर होता, गिऱ्हाइकाच्या पायात मावला नाही. खरी गोष्ट वेगळी होती: आम्ही भारतात चालणारा सात मागवला होता आणि सहा आला होता. पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ त्या रकान्यात आहे हे कळायला मला महिना लागला.

बूट न्यायला आलेला मुलगा दारातच थांबला. त्याच्या मोबाइलवर सात, बुटाच्या पट्टीवर यूके सहा. "काका, मॅच होत नाही. वस्तू बदललेली दिसते. मला घेता येणार नाही." म्हणजे त्यांनीच चुकीचे पाठवले, आणि चुकीचे आहेत म्हणून परत घेत नाहीत! नानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरावर चिडण्यात अर्थ नव्हता, त्याला मोबाइल दाखवेल तेवढंच करायची मुभा. तो गेला आणि तासाभरात मेसेज आला, 'ग्राहक उपलब्ध नसल्याने परतावा रद्द.' ग्राहक दारात उभा राहून त्याला चहा विचारत होता.

पुन्हा फोन, पुन्हा नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळी कर्मकहाणी. अखेर तिसऱ्या आठवड्यात पहिला जोड गेला आणि पाय मोजल्यावर आम्ही मागितलेला आठ नंबरचा खोका आला. नानांनी डावा घातला, तोंडावर हसू. उजवा घातला, हसू गेलं. डावा यूके आठ, उजवा यूके सात. एका खोक्यात दोन भाऊ, थोरला आणि धाकटा.

मी हतबुद्ध. नाना मात्र शांतपणे उठले आणि आपली डायरी घेऊन आले.

त्या डायरीबद्दल मी आजवर त्यांची थट्टाच करत आले. कंडक्टरचं वेबिल चुकलं तर पदरचे पैसे भरावे लागतात, ती शिस्त यांच्या अंगात मुरलेली. किती वाजता फोन केला, कोण बोललं, तक्रार क्रमांक काय दिला, किती दिवसांत करतो म्हणाले, सगळं तारीखवार. बिल टाचणीने लावलेलं. मेसेज आला तोही शब्दशः उतरवलेला. मी त्यात दोन्ही जोडांचे फोटो घातले: खोक्याची चिकटपट्टी, जिभेची पट्टी, तळवा आणि कागदावर काढलेल्या पायावर ठेवलेला बूट. आमची बाजू उभी राहिली ती या वहीवर, माझ्या आरडाओरड्यावर नाही.

या वेळी मी फोन केलाच नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल लिहिला आणि त्यात 'बसत नाही' हा शब्द कटाक्षाने टाळला. लिहिलं, 'मागवलेली वस्तू आलेली नाही. दोनदा वर्णनाशी न जुळणारी वस्तू पाठवली. बदली नको, पूर्ण पैसे बँकेत परत हवेत.'

हा शब्दांचा खेळ नाही. बूट बरोबर आहे पण तुम्हाला आवडला नाही किंवा तुमच्या पायाला जमला नाही, तर तो परत घ्यायचा की नाही हे दुकानाच्या धोरणावर असतं. पण वस्तू सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा उशिरा आली असेल, तर ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. त्याच नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. म्हणून ॲपवर परतीचं कारण निवडताना घाईत पहिल्या पर्यायावर बोट ठेवू नका. 'चुकीची वस्तू आली' हा पर्याय खाली कुठेतरी असतो, तो शोधा. फोनवरच्या माणसाने आपल्या तोंडी शब्द घातले तर तिथेच दुरुस्त करा.

दोन दिवसांनी उत्तर आलं: 'तेवढ्या रकमेचं क्रेडिट देतो, सहा महिन्यांत कुठलीही खरेदी करा.' म्हणजे यांच्याकडूनच पुन्हा काहीतरी घ्या. नाना म्हणाले, "सुट्टे नाहीत म्हणून तिकिटामागे लिहून दिलं, तरी शेवटी रोखच द्यावे लागायचे मला." नकार कळवला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. मराठीत बोलता आलं. ही हेल्पलाइन न्यायालय नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि पाठपुरावा करते. आमच्या बाबतीत तेवढंच पुरलं. नवव्या दिवशी बाराशे नव्व्याण्णव रुपये नानांच्या खात्यात जमा झाले.

नसते झाले तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी ठेवली होती. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची. बाराशे रुपयांसाठी कोण जातं, असं लोक म्हणतात. म्हणूनच असे जोड पुन्हापुन्हा त्याच खोक्यांतून निघतात.

मधल्या काळात एक भलतंच संकट अंगावरून गेलं. कंपनीचा नंबर सापडेना म्हणून नानांनी शेजारच्या मुलाकडून इंटरनेटवर शोधून घेतला. पलीकडचा माणूस अतिशय अदबशीर, कंपनीपेक्षा कितीतरी गोड. म्हणाला, "सर, पैसे परत पाठवतोय, फक्त आलेला कोड स्कॅन करून पिन टाका." नानांनी फोन ठेवला. कारण विचारलं तर म्हणाले, "पैसे मला मिळणार, मग पिन माझा कशाला?" यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण पन्नास प्रवासी भरलेल्या गाडीत बिनतिकिटाचा कोण हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. कंपनीचा क्रमांक बिलावरून किंवा खोक्यावरूनच घ्यावा. पैसे गेलेच तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा.

पाय मोजायची रीत मी आता डोळे मिटून सांगू शकते. मोजायचं संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. कागद भिंतीला भिडवून जमिनीवर ठेवायचा, टाच भिंतीला लावून उभं राहायचं. बसून मोजलेलं माप कमी भरतं. पेन्सिल अगदी उभी धरून दुसऱ्याने रेघ काढायची; स्वतः वाकलं की वजन सरकतं. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही. दोन्ही पाय मोजायचे आणि मोठा धरायचा. नानांचा डावा २५७, उजवा २६२. त्यांना यूके आठ लागतो, तोही पुढून रुंद. वय वाढतं तसा तळव्याचा कमानीसारखा भाग बसतो आणि पाय लांब-रुंद होतो, त्यामुळे जुन्या नंबराचा अभिमान फारसा उपयोगाचा नाही. फोनवर किंवा ॲपवर नंबर सांगण्याआधी विचारा: हा यूके की यूएस, आणि किती मिलीमीटर पायाला? उत्तर मिळालं नाही तर तिथून घेऊ नका. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, बूट चादरीवर घालून बघा, आणि बसला असं पक्कं होईपर्यंत खोकं, पट्ट्या, बिल यातलं काही टाकू नका.

साखर असलेल्यांसाठी तर मी फोनवरून बूट मागवूच नका असं म्हणेन. नानांना शेवटी पोवई नाक्याजवळच्या दुकानात नेलं. दुकानदाराने खाली बसून, अंगठ्याने बुटाचं टोक दाबून पाहिलं, चार पावलं चालायला लावलं आणि दोन जोड बाद करून तिसरा दिला. टीव्हीवरच्यापेक्षा दोनशे रुपये जास्त पडले.

पायाचा तो कागद नानांनी घडी घालून डायरीत ठेवला आहे. आज संध्याकाळी तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कागदावर उभं करा. रेघ काढून झाली की त्यांचे तळवे आणि बोटांमधल्या जागाही एकदा बघा. दुखत नाही म्हणाले तरी बघा.