फटफटीची धोकटी

पूर्वी गावात न्हावी घरोघर येत असे. आता बहुतेक ठिकाणी सलूनची दुकाने झाली. पण न्हाव्याची ती धोकटी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. कातड्याची लहानशी पिशवी, आणि आत कप्पे. वस्तरा एका कप्प्यात, कात्री दुसऱ्यात, नराणी तिसऱ्यात. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता त्याचा हात धोकटीत जाई आणि नेमके हवे तेच हत्यार बाहेर येई. त्याला वाकून पाहावे लागत नसे.

ही धोकटी आज आठवण्याचे कारण आहे फटफटी.

आता गावात बैलगाड्या थोड्या आणि फटफट्या फार. कोणी दूध घालायला जातो, कोणी बाजाराला, कोणी खताचे पोते आणतो. फटफटी म्हणजे यंत्र. ती कधी ना कधी वाटेत रुसणारच. मग हत्यारे लागतात. पण मंडळी, हत्यारे जवळ असणे वेगळे आणि ती नीट नेणे वेगळे. नीट न नेल्याने काय होते, ते आमच्याच घरी घडले. म्हणून सांगतो.

पिशवी अडकली

आमचा पुतण्या रोज पहाटे दूध घेऊन तालुक्याला जातो. गाडीच्या मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. एकदा वाटेत गाडी बंद पडली. जवळ साधी पक्कडही नव्हती. ऊन वर आले आणि दूध नासले.

आम्ही त्याच्यावर रागावलो. म्हणालो, "अरे, विळा घेतल्याशिवाय कोणी कापणीला जातो काय?" मग घरात होती नव्हती ती सगळी हत्यारे आम्ही एका पिशवीत कोंबली. हातोडी, लहानमोठे पाने, पक्कड, पेचकस, तारेचे भेंडोळे. पिशवी पाच किलोंच्या वर भरली. मागे कॅन होते, तिथे जागा नाही. पुतण्याने पिशवी हँडलला अडकवली. आम्ही उभे राहून पाहिले. आम्हाला त्यात काही वावगे दिसले नाही.

चौथ्या दिवशी पाटाच्या वळणावर ती पिशवी झुलली आणि हँडल व टाकी यांच्या मध्ये अडकली. हँडल वळेना. गाडी सरळ पाटात गेली. दूध तर गेलेच, पण पोराचे गळ्याखालचे हासळीचे हाड मोडले. दीड महिना हात झोळीत होता. तेवढे दिवस दूध दुसऱ्याने नेले. त्यातली चार घरे पुढे परत आली नाहीत.

खाटेवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "आप्पा, हत्यारे नव्हती तेव्हा दूध गेले. हत्यारे होती तेव्हा हाड गेले. मग करावे तरी काय?"

आम्ही पस्तीस वर्षांवर मुलांना शिकवले. पण या प्रश्नाला तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. चूक आमचीही होती. हत्यारे द्यायची हे आम्हाला कळले. ती कशी न्यायची, याचा विचार आम्ही केला नाही.

मग आम्ही दोघे बसलो आणि तीन प्रश्न कागदावर लिहिले. काय न्यावे? कशात न्यावे? कुठे बांधावे? तेच आता क्रमाने पाहू.

काय न्यावे?

आम्ही अंगणात पोते पसरले आणि सगळी हत्यारे त्यावर मांडली. मग एकेक पाना गाडीच्या नटांना लावून पाहिला. जो बसला तो ठेवला. जो कुठेच बसला नाही तो घरात परत गेला. हातोडीही घरात गेली. वाटेवर तिचे काम क्वचितच पडते. पडलेच तर दगड सगळीकडे असतो.

पान्यावर आकडा कोरलेला असतो. तो वाचायला शिका. १० आकडा म्हणजे त्या नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमध्ये १० मिलिमीटर अंतर आहे. १० च्या नटाला ११ चा पाना लावला, तर तो सैल बसतो. जोर केला की नटाचे कोपरे झिजतात. मग खरा पाना आणला तरी तो घसरतो. हे आकडे बहुधा इंग्रजी अंकांत असतात. तेव्हा आपल्या वर्गाच्या शिक्षकांकडून आठपासून बावीसपर्यंतचे इंग्रजी अंक फळ्यावर लिहून घ्या.

शेवटी आमच्या पोत्यावर एवढी हत्यारे उरली:

१. दोन तोंडांचे चार पाने : ८-९, १०-११, १२-१३, १४-१५
२. मागच्या चाकाच्या आसाचा मोठा पाना
३. प्लग काढण्याचा पाना
४. पक्कड
५. दोन्ही टोके चालणारा पेचकस
६. एक नवा प्लग, दोन फ्यूज, चेनचे एक लॉक
७. चिकटपट्टी, थोडी तार, लहान बॅटरी आणि कोरडे फडके

ही यादी आमच्या गाडीची. तुमच्या गाडीची थोडी वेगळी निघेल. म्हणून यादीची नक्कल करू नका. पाने आपल्या गाडीला लावून पाहा.

फ्यूजवरही आकडा असतो. जुन्या फ्यूजवर जो आकडा असेल, त्याच आकड्याचा नवा घ्या. फ्यूज नाही म्हणून जाड तार लावू नका. बिघाड झाला की फ्यूज स्वतः जळतो आणि गाडीच्या तारा वाचवतो. जाड तार जळत नाही. मग गाडीच्या ताराच जळतात.

चाकात ट्यूब असेल तर पंक्चरचे सामान वेगळे लागते, ट्यूबलेस टायर असेल तर वेगळे. आपले टायर कोणते, ते आधी विचारून घ्या. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियमांच्या गाड्या विकल्या जातात. त्यांत विजेची नाजूक उपकरणे जास्त आहेत. वाटेवर तिथे पेचकस खुपसू नका. मेकॅनिकचा फोन नंबर कागदावर लिहून हत्यारांत ठेवा. फोन हरवला किंवा बंद पडला, तर कागदावरचा नंबर कामी येतो.

कशात न्यावे?

हत्यारे नेण्याच्या चार रीती आम्ही तपासल्या.

पहिली रीत, साधी पिशवी. ही सोपी आणि स्वस्त. पण आत सगळा काला होतो. अंधारात हवे ते सापडत नाही.

दुसरी रीत, लोखंडी पेटी. हिला कुलूप लावता येते. पण पेटीचेच वजन बरेच. शिवाय आत हत्यारे खडखडतात आणि आपटून खराब होतात. पेटीच लावायची असेल, तर आत जुन्या ट्यूबचे किंवा गोणपाटाचे अस्तर घाला.

तिसरी रीत, खिशात किंवा पाठीवरच्या पिशवीत. ही रीत वाईट. माणूस पडला तर जमिनीचा मार लागतोच, पण पाठीवरचा पाना मणक्यात रुततो. तेव्हा अंगावर लोखंड बाळगू नये.

चौथी रीत, कप्प्यांची गुंडाळी. म्हणजे आपली न्हाव्याची धोकटीच! आम्ही हीच निवडली. आमच्या सूनबाईंनी ती घरीच शिवली. जाड कापड सव्वा हात लांब आणि एक हात रुंद घेतले. खालची बाजू एक वीतभर वर दुमडली आणि उभ्या शिवणी मारून कप्पे पाडले. वरचा भाग हत्यारांवर झाकण म्हणून खाली पडतो, त्यामुळे गुंडाळताना काही निसटत नाही. एका टोकाला नाडी लावली. गुंडाळायचे आणि आवळून बांधायचे.

सूनबाई साक्षरता वर्गाला जातात. त्यांनी प्रत्येक कप्प्यावर शाईच्या पेनने हत्याराचे नाव लिहिले. 'पक्कड'मधला जोड 'क' त्यांनी आधी पाटीवर चार वेळा गिरवला आणि मग कापडावर काढला.

या लिहिण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. काम संपले की धोकटीवर नजर टाकावी. एखादा कप्पा रिकामा दिसला, तर त्यावरचे नाव वाचावे. काय रस्त्यावर राहिले ते लगेच कळते. शिवाय धोकटी जमिनीवर पसरली म्हणजे काढलेले नट तिच्यावर ठेवता येतात. ते मातीत हरवत नाहीत.

आणखी दोन गोष्टी. हत्यारांना तेलाचे बोट पुसून ठेवा, म्हणजे गंज चढत नाही. आणि जादा ट्यूब धोकटीत ठेवू नका. लोखंडाशी घासून तिला भोक पडते आणि नव्या ट्यूबचे पंक्चर काढत बसावे लागते. तिला निराळ्या कापडात गुंडाळा.

कुठे बांधावे?

बैलगाडी हाकणाऱ्याला हे शिकवायला नको. ओझे आसाच्या मागे गेले की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलते. फटफटीचेही तसेच. जड ओझे मागच्या चाकाच्याही मागे बांधले, तर पुढचे चाक हलके पडते आणि हँडल नीट ऐकत नाही. ओझे उंच बांधले, तर वळणावर गाडी कलते. म्हणून जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ असावी.

सर्वांत चांगली जागा सीटखाली किंवा बाजूच्या झाकणाआड. पुष्कळ गाड्यांत कंपनी तिथेच हत्यारांची जागा ठेवते. मात्र तिथे बॅटरीही असू शकते. लोखंडी पाना बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम टेकला, तर ठिणग्या उडतात आणि आगही लागू शकते. तेव्हा धोकटी बॅटरीपासून दूर, घट्ट बसवावी.

सामान जास्त असेल तर पडशी करावी. खांद्यावरच्या पडशीला दोन्हीकडे सारखे वजन लागते. गाडीच्या पडशीलाही तसेच. एका बाजूला सायलेन्सर तापतो, पडशी त्याला टेकू देऊ नये. नाडी, पट्टा किंवा कापडाचे टोक चाकाकडे लोंबता कामा नये. मागचा दिवा व नंबराची पाटी झाकू नये. पेटी बसवण्यासाठी साडीची जाळी काढून टाकू नये. मागे बसणाऱ्याच्या रक्षणासाठी चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला हवा, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. आणि हँडलला काहीही अडकवू नये. मग ती हत्यारांची पिशवी असो, नाही तर भाजीची.

बांधून झाले की परीक्षा घ्यावी. हँडल डावीकडे पुरते वळवा, मग उजवीकडे पुरते वळवा. काही अडते काय? गाडी उभी करून मागचे चाक हाताने फिरवा. काही घासते काय? गाडी हलवा. काही खडखडते काय? निघाल्यावर दोन-तीन किलोमीटरवर थांबा आणि गाठ पुन्हा आवळा.

पावसातली रात्र

धोकटी झाल्यावर श्रावणात एकदा आमच्या वहिनींना दम लागला. पुतण्या आईला घेऊन रात्री दवाखान्यात निघाला. वाटेत पावसाची सर आली, गाडी गचके खाऊ लागली आणि बंद पडली. आजूबाजूला वस्ती नाही. पुतण्याने सीटखालची धोकटी काढली. प्लगच्या टोपीत पाणी शिरले होते. प्लग तापलेला असतो, म्हणून तो थोडा थांबला. मग कोरड्या फडक्याने टोपी पुसली, प्लग काढून तोही पुसला आणि परत बसवला. फडके आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले होते, म्हणून ते कोरडे राहिले. पाऊण तासाने मायलेक दवाखान्यात पोहोचले.

घरी आल्यावर तो एवढेच म्हणाला, "आप्पा, बॅटरी लावायच्या आधीच हात प्लगच्या पान्यावर गेला."

मंडळी, या धोकटीला फार पैसे लागले नाहीत. जुने कापड, थोडा दोरा आणि एक दुपार लागली. ती दुपार आम्ही आधीच काढली असती, तर पोराचे हाड वाचले असते. तुम्ही मात्र ती आजच काढा.

अभ्यास

१. पुतण्या पाटात का पडला? दोन ओळींत लिहा.
२. ११ चा पाना १० च्या नटाला लावला तर काय होते?
३. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीला कोणते पाने बसतात ते पाहा आणि यादी लिहा.
४. धोकटीच्या कप्प्यांवर लिहायची नावे वहीत सुवाच्य अक्षरांत काढा.
५. ओझे फार मागे बांधले तर काय होते, ते बैलगाडीचा दाखला देऊन घरच्यांना सांगा.