शेकडा तीन आणि शेकडा दहा : व्याजाच्या पाठास एक जोड

खरिपाची पेरणी आणि महाविद्यालयातील प्रवेश ही दोन कामे खेड्यातील कुटुंबापुढे एकाच सुमारास येऊन उभी राहतात. सोयाबीन, कापूस वा भात यांचा पैसा दिवाळी ते संक्रांत या दिवसांत हाती येतो आणि लग्नसराई संपता संपता बहुधा सरतो. जून उजाडला म्हणजे बियाणे, खत व ट्रॅक्टरचे भाडे यांची निकड लागते. त्याच पंधरवड्यात बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाचे शुल्क, खोलीची अनामत आणि खानावळीचे आगाऊ पैसे मागितले जातात. पेरणी थांबविता येत नाही. म्हणून शिक्षण थांबते किंवा कर्ज काढले जाते. मुलगी असल्यास थांबण्याचा निर्णय अधिक लवकर होतो, हे शिक्षकांस सांगावयास नको.

हा प्रश्न प्राथमिक शाळेचा नव्हे, असे वाटणे साहजिक आहे. तथापि ज्या हिशेबावर हा निर्णय ठरतो, तो हिशेब वरच्या प्राथमिक इयत्तांतच शिकविला जातो. मुले मुद्दल, दर व मुदत यांचा गुणाकार करून शंभराने भागतात आणि उत्तर बरोबर आणतात. मात्र घरी रक्कम व्याजाने काढली जाते, त्या वेळी हे सूत्र कोणाच्या ध्यानीही येत नाही. याचे कारण भाषेत आहे. पुस्तकातील दर द.सा.द.शे., म्हणजे वर्षाचा असतो. गावातील खाजगी देणेघेणे महिन्याच्या दराने चालते. बोलण्यात मात्र दोहोंस ‘शेकडा’ हा एकच शब्द. त्यामुळे ‘सावकार शेकडा तीन घेतो, बँक शेकडा दहा घेते’ असे वाक्य पारावर सहज बोलले जाते आणि बँक महाग ठरते.

शिक्षकांनी हेच वाक्य फळ्यावर लिहावे आणि स्वस्त कोण, असे वर्गास विचारावे. बहुतेक मुले सावकाराचे नाव घेतील. त्यांस लगेच दुरुस्त करू नये. २०,००० रुपये मुद्दल द्यावे व दोन्ही व्याजे काढावयास सांगावीत. महिन्याला शेकडा तीन म्हणजे दरमहा ६०० रुपये, वर्षाचे ७,२०० रुपये. वर्षाला शेकडा दहा म्हणजे २,००० रुपये. पदवीच्या तीन वर्षांत पहिले व्याज २१,६०० रुपये होऊन मुद्दलापुढे जाते व मुद्दल तसेच उभे राहते. दुसरे व्याज तेवढ्याच काळात ६,००० रुपये होते. ‘दर महिन्याचा की वर्षाचा?’ हा प्रश्न मुलांच्या जिभेवर बसला, तर पाठाचे काम झाले. परवान्यावाचून सावकारी करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये गुन्हा आहे, हेही वरच्या वर्गास सांगण्यास हरकत नाही.

यानंतर तेच गणित उलट बाजूने घ्यावे. पाचवीतील मुलासाठी दरवर्षी सुगीनंतर ३,००० रुपये बाजूस ठेवले आणि दर समजा द.सा.द.शे. ७ चक्रवाढीने मिळाला, तर पहिल्या वर्षअखेर ३,२१० रुपये होतात. त्यांत पुन्हा ३,००० मिळवून दुसऱ्या वर्षअखेर सुमारे ६,६४५. असे आठ वेळा केले म्हणजे बारावीच्या अखेरीस सुमारे ३२,९३४ रुपये जमतात. त्यांपैकी २४,००० घरचे असतात. नववीत जागे होणाऱ्या कुटुंबास तेवढीच रक्कम चार वर्षांत जमविण्यास दरवर्षी सुमारे ६,९३० रुपये बाजूस काढावे लागतात. लवकर आरंभ करण्याचा मुख्य लाभ व्याजाचा नव्हे, हे येथे दिसते. वर्षाचा बोजा निम्म्याहून कमी होतो, हा तो लाभ होय. पावसाने दगा दिलेल्या वर्षी ३,००० रुपयेही जड जातात, मग ६,९३० कोठून यावेत?

पैसा कोठे ठेवावा, याविषयी दोन शब्द पुरेत. सुगीच्या पैशास डाकघरातील मुदत ठेव सोयीची आहे. ती १,००० रुपयांपासून घेता येते. महिन्याची मिळकत असणाऱ्या घरास दरमहा १०० रुपयांपासून आवर्ती ठेव बरी. बँकेतील ठेवीस प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. सहकारी पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. दोन्ही ठिकाणी पासबुक सारखेच दिसत असले तरी हा भेद राहतोच. भिशी अडीनडीला उपयोगी पडते, परंतु आठ वर्षांच्या संचयाचे ते स्थान नव्हे.

खर्चाचा अंदाज बांधताना पालक केवळ शुल्क धरतात, ही दुसरी चूक. शुल्काचा भार अनेकांस शिष्यवृत्तीने वा सवलतीने हलका होतो. राहणे आणि जेवणे मात्र तसेच उरते. ही गोष्ट नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांस आश्रय दिला, आणि १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. खेड्यातील मूल शाळेच्या दाराशी नव्हे, तर शहरातील जेवणाच्या ताटाशी अडते, हे दोघांनी ओळखले होते. पालकसभेत शासकीय वसतिगृहांच्या अर्जाची मुदत सांगणे म्हणूनच शुल्क-सवलतीइतकेच अगत्याचे आहे.

या पाठात एक पथ्य कसोशीने पाळावे. कोणत्याही मुलास घरच्या कर्जाविषयी विचारू नये; उदाहरणातील कुटुंब सर्वस्वी काल्पनिक असावे. वर्गात एकदा घराची लाज निघाली, तर ते मूल व्याजाचे गणित जन्मभर टाळील. तसेच शिक्षकाने पालकांचे पैसे स्वतःच्या हाती घेऊ नयेत व कोणत्याही योजनेचे प्रतिनिधित्व करू नये. त्याच्या शब्दास गावात वजन आहे, ते याच कारणाने.

मुलींच्या बाबतीत मात्र घाई हवी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेचे खाते मुलीस दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच उघडता येते. वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात, भरणा पंधरा वर्षे चालतो, आणि मुलगी दहावी उत्तीर्ण झाल्यावर किंवा अठरा वर्षांची झाल्यावर उच्च शिक्षणासाठी शिलकेच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. चौथीचा वर्ग संपेपर्यंत बहुतेक मुलींची ही मुदत टळलेली असते. प्रत्येकीची जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे. दुसरी व तिसरीच्या वर्गशिक्षकांनी ते उघडून, येत्या वर्षात दहा पूर्ण करणाऱ्या मुलींची यादी सुगीपूर्वीच्या पालकसभेस तयार ठेवावी.