नवीन ॲप आलं की आधी तपासा

मैत्रिणींनो, गटाचा हिशेब आता मोबाईलवर घ्यायचा, असं प्रत्येक बैठकीत ऐकू येतंय. चांगलंच आहे. पण ॲप बनवणाऱ्यांनी शिरूर-दौंडच्या बाईचा दिवस पाहिलेला असतोच असं नाही. म्हणून नुसती मान डोलवू नका, तपासून घ्या.

साताऱ्यातल्या म्हसवडचं उदाहरण बघा. चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायांनी १९९७ साली माण देशी महिला सहकारी बँक सुरू केली. मजुरी बुडवून शाखेत येणं बायांना परवडेना, तर बँकच त्यांच्या दारात जाऊ लागली. पुढे पिन नंबर देऊ म्हटल्यावर बायांनीच नको सांगितलं. नंबर दुसऱ्याला कळू शकतो, अंगठा मात्र कुणाला चोरता येत नाही! अशी माहिती काढायला शहरातल्या कंपन्या माणसं पगारावर ठेवतात, बरं का.

तपासायचं कसं? गटातल्या चार-पाच जणी निवडा. सचिव नको, तिला सगळं येतं. जिला मोबाईलची भीती वाटते ती हवीच. फोन तिच्या हातात द्या आणि एकच काम सांगा: "या महिन्याची शंभर रुपये बचत लिही." मग गप्प बसा. (हेच अवघड, आपलं बोट आपोआप पुढे जातं.) ती कुठे थांबते, काय दाबते, कुणाकडे बघते ते वहीत लिहा. तिला जमलं नाही तर चूक तिची नाही, ॲपची.

व्याजाची जागा नीट बघा. आपण म्हणतो "शेकडा दोन", म्हणजे महिन्याला. ॲपमध्ये "वार्षिक व्याजदर" असेल तर तिथे २४ यायला हवेत. कुणी २ टाकले तर १०,००० च्या कर्जावर महिन्याचं व्याज २०० ऐवजी १७ रुपयांच्या आसपास दिसेल. आणि भांडण होणार ते गटात, ॲप बनवणाऱ्यांच्या ऑफिसात नाही. तिथे सरळ "महिन्याचं व्याज" असं लिहून मागा.

आणखी एक, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? फोन मालकांचा आणि ते रांजणगावला नाहीतर कुरकुंभला ड्युटीवर, मग दुपारच्या बैठकीत ॲप उघडणार कसं? रेंज नसताना लिहिलेलं राहतं का, उन्हात अक्षर दिसतं का, हेही बघा.

सापडलेल्या अडचणी कागदावर लिहून ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत आणा. ॲप दाखवायला येतील त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू. तोवर वही बंद करू नका. दोन-तीन महिने दोन्हीकडे लिहा आणि दर महिन्याची शिल्लक जुळते का ते पाहा.