भस्म-बुधवारची राख

फाल्गुनात लालबाग-परळच्या चाळींपुढे होळी पेटते आणि तिची राख दुसऱ्या दिवशी कपाळी लागते. बहुधा त्याच सुमारास, थोड्या आगेमागे, गिरगाव-दादरकडील कित्येक ख्रिस्ती बांधवांच्या कपाळीही राख दिसते. ही राख मात्र गतवर्षी झावळ्यांच्या रविवारी जयघोषात मिरविलेल्या झावळ्यांची असते. ती लाविताना माणूस मातीचा असून मातीसच मिळावयाचा आहे, याचे स्मरण धर्मगुरू देतात. तेथून रविवार वगळून चाळीस दिवसांचा लेंतकाळ चालतो.

आमच्या वर्गात या दिवसांत कोणी मिठाई सोडतो, कोणी चहा. “वाचलेल्या पैशांचे काय केलेस?” असे आम्ही विचारतो, तेव्हा उत्तर क्वचितच मिळते. आम्हांसही विद्यार्थिदशेत ते देता आले नसते. सोडलेली वस्तू कोणाच्या उपयोगी पडली हा प्रश्न मनात यावा लागतो. आणि आपले दिवस मोजके आहेत हे कळल्यावाचून तो सहसा येत नाही.

येथे आम्हांस रेव्हरंड गॉर्डन हॉल आठवतात. अमेरिकन मराठी मिशनचे हे गृहस्थ १८१३ साली मुंबईस आले, मराठी शिकले आणि नव्या कराराच्या मराठी भाषांतरात त्यांनी मोठा वाटा उचलला. त्यांच्या मंडळीत लेंत पाळण्याची चाल नव्हती. कपाळी राख त्यांनी कधी लाविली नसावी. १८२६ च्या मार्चात ते नाशिककडे गेले, तो तेथे पटकीचा कहर चाललेला. सुवार्ता सांगावयास आलेला माणूस रोग्यांच्या उशाशी बसला. जवळची बहुतेक औषधे त्यांनी वाटून टाकली आणि औषध सरत आल्यावर परतीची वाट धरली. आपणांसही हा रोग गाठील, हे त्यांस ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पटकी तेव्हा धट्ट्याकट्ट्या माणसास एका दिवसात नेत असे.

वाटेत एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर ते रात्री निजले. पहाटे रोगाने गाठले. उरलेले थोडे औषध त्यांनी घेतले, पण ते पोटात ठरले नाही. आठ तासांत सर्व आटोपले. तो दिवस २० मार्च, म्हणजे त्या वर्षीच्या दुःखसहनाच्या आठवड्यातील सोमवार. वय अवघे ४१. पेटी मिळण्याजोगी नव्हती. सोबतच्या दोन ख्रिस्ती तरुणांनी त्यांस घोंगडीत गुंडाळून तेथेच मूठमाती दिली.

नवा करार मराठीत छापून झाला तो त्याच साली. पुढच्या रविवारी, २६ मार्चला, ईस्टर होता. हॉलसाहेबांची पत्नी आदल्या वर्षीच मुलांस घेऊन स्वदेशी निघून गेली होती. शिडाच्या जहाजाने ही वार्ता तिच्यापर्यंत पोहोचावयास अजून कित्येक महिने लागावयाचे होते.