वाट पाहायची, पण तारीख ठरवून

तत्त्वज्ञानात एम.ए. झालो, पाठोपाठ सेटही निघाली. पुढे प्राध्यापक व्हायचं, एवढं एकच डोक्यात होतं. सहा वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवलं. तर्कशास्त्राचा तास संपला की वहीत तारीख, वर्ग, विषय लिहायचा आणि विभागप्रमुखांची सही घ्यायची. त्या सह्यांवर बिल निघायचं, कधी दिवाळी उलटल्यावर, कधी थेट परीक्षा संपल्यावर. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. कायम जागेची जाहिरात यंदा नक्की निघेल, या आशेवर दर जून गेला. सेटच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, घरभाड्याला असते.

विषय निवडण्यात माझी चूक नव्हती. तो आजही मला तितकाच प्रिय आहे. एकाच दाराशी ताटकळत राहिलो, ही चूक.

शेवटी एका प्रकाशनाकडे काम मागायला गेलो. संपादकांनी एक पाठ पुढे ठेवला, "वाचून सांगा." सुरुवातीला 'काही शेतकरी' होते, शेवटचा निष्कर्ष मात्र 'सर्व शेतकऱ्यां'विषयी. मी पेन्सिलीने दोन्ही शब्दांभोवती गोल केले. "हेच काम आहे," ते म्हणाले. त्यावर आज माझं घर चालतं.

म्हणून आत्ता शिकणाऱ्यांना कळकळीने सांगतो. प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट द्याच, पण अकरावी-बारावीला शिकवायचं तर बी.एड. लागतं, हेही लक्षात ठेवा. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं, शब्दाचा नेमका अर्थ लावायची सवय तिथे रोज कामी येते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा 500 गुणांचा वैकल्पिक विषय घेता येतो, शिवाय 2013 पासून नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर सर्वांनाच आहे. मात्र ती परीक्षा म्हणजे दुसरी सीएचबी होऊ देऊ नका. औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनी नैतिकता समितीत तत्त्वज्ञांनाही जागा ठेवली आहे. त्यावर पोट भरणार नाही, पण आपल्या विषयाचं तिथे खरं काम आहे.

एम.ए.च्या पहिल्याच वर्षी भाषांतर, संपादन, कायदा यांपैकी एक तरी काम हाताशी धरा. आणि किती वर्षं थांबायचं ती तारीख घरच्यांसमोर कॅलेंडरवर लिहा. मी लिहिली असती, तर ती पेन्सिल चार वर्षं आधीच हातात आली असती.