सम्मेद शिखराची सामूहिक यात्रा : नियोजनाचा एक अभ्यास

खरिपाची सुगी आटोपली, दिवाळी सरली, की सांगली-कोल्हापूरकडील अनेक गावांतील जैन बस्तीत सम्मेद शिखराच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. कोणी आईवडिलांना नेण्याचा संकल्प केलेला असतो, कोणाचा नवस असतो, तर कोणा वृद्धेने ‘एकदा शिखरजी पाहिले म्हणजे झाले’ एवढीच इच्छा मनाशी धरलेली असते. पाहता पाहता तीस-चाळीस नावे जमतात आणि संघ निघतो. भक्तीची उणीव अशा यात्रेत कधीच नसते. उणीव असते ती नियोजनाची, आणि तिचा भार बहुधा सर्वांत अशक्त माणसाच्या वाट्याला येतो. म्हणूनच या यात्रेचा केवळ धार्मिक नव्हे, तर व्यवस्थेच्या दृष्टीनेही विचार होणे अगत्याचे आहे.

क्षेत्राचा परिचय

सम्मेद शिखर अथवा पारसनाथ पर्वत हा झारखंड राज्याच्या गिरिडीह जिल्ह्यात आहे. २००० साली झारखंड राज्य निर्माण होण्यापूर्वी हा भाग बिहारमध्ये मोडत असे. सुमारे १३६५ मीटर उंचीचा हा पर्वत त्या राज्यातील सर्वांत उंच होय. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकरांचे निर्वाण या पर्वतावर झाले, अशी जैनांची श्रद्धा आहे. उरलेल्या चौघांपैकी ऋषभदेवांचे निर्वाण कैलास अथवा अष्टापद येथे, वासुपूज्यांचे चंपापुरीस, नेमिनाथांचे गिरनारवर आणि महावीरांचे पावापुरीस मानले जाते. दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही पंथांना हे क्षेत्र सारखेच वंदनीय आहे.

पर्वताच्या पायथ्याशी मधुबन हे गाव असून तेथे दोन्ही पंथांची मंदिरे व धर्मशाळा आहेत. पर्वतावरील निर्वाणस्थानांना ‘टोंक’ म्हणतात. टोंकांवर चरणचिन्हे असतात व त्यांचीच वंदना केली जाते. मधुबनातून वर जाण्यास सुमारे नऊ किलोमीटर, माथ्यावरील सर्व टोंकांच्या वंदनेस नऊ किलोमीटर आणि उतरण्यास नऊ किलोमीटर, असा एकूण सत्तावीस किलोमीटरांचा हा मार्ग आहे. तो एकाच दिवसात, बहुतेक जण अनवाणी आणि पुष्कळ जण उपाशीपोटी पार करतात. नियोजनाचा सर्व विचार या एका गोष्टीपासून सुरू झाला पाहिजे.

जुन्या संघांची शिकवण

संघ काढून यात्रा करण्याची परंपरा जुनी आहे. श्वेतांबर परंपरेतील पायी संघास ‘छ-री पालित’ संघ म्हणतात. एकाहारी, भूमिसंथारी, पादचारी, सचित्तपरिहारी, ब्रह्मचारी आणि सम्यक्त्वधारी हे ते सहा ‘री’कारान्त नियम होत. दिवसातून एकदा जेवावे, भूमीवर निजावे, पायी चालावे, सजीव पदार्थांचा त्याग करावा, ब्रह्मचर्य पाळावे व श्रद्धा दृढ ठेवावी, असा त्यांचा आशय आहे. हे नियम आत्मशुद्धीचे खरेच. परंतु श्रीमंत आणि गरीब यांना वाटेत एकाच पंक्तीस बसविण्याचे कामही ते करतात.

जुन्या संघांच्या यशाबरोबर त्यांच्या विपत्तीचीही नोंद उपलब्ध आहे. कवी बनारसीदास यांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. इसवी सन १६०४ च्या सुमारास हीरानंद मुकीम या जवाहिऱ्याने सम्मेद शिखरास मोठा संघ नेला आणि कवीचे वडील खरगसेन त्यात सामील झाले, असा वृत्तान्त त्यात आहे. परतीच्या वाटेवर दूषित पाण्याने अनेक यात्रेकरू आजारी पडले, काही दगावले आणि स्वतः खरगसेनही फार आजारी होऊन घरी आले. चारशे वर्षे उलटली, तरी पाण्याची व्यवस्था हा संघाचा पहिला प्रश्न राहिला आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय यात्रा म्हणजे आचार्य शांतिसागर महाराजांची. दक्षिणेतून ससंघ पायी विहार करीत ते १९२८ साली शिखरजीस पोहोचले. सांगली-कोल्हापूरकडील घराघरांत त्या यात्रेची आठवण आजही सांगितली जाते.

पूर्वतयारी

संघाची तयारी निदान चार महिने आधी सुरू व्हावी. प्रथम काळ ठरवावा. कार्तिक ते फाल्गुन हा काळ सोयीचा. श्रावण शुद्ध सप्तमीस, म्हणजे पार्श्वनाथांच्या निर्वाणदिनी, पर्वतावर मोठी गर्दी होते. परंतु तेव्हा पाऊस असतो व वाट निसरडी होते. त्या दिवशी वृद्धांना नेण्याचा आग्रह धरू नये. हिवाळ्यात पहाटे माथ्यावर कडाक्याची थंडी असते. कृष्णाकाठच्या माणसास तिची कल्पना नसते, म्हणून लोकरी कपडे यादीत आधीच लिहावेत.

त्यानंतर कामांची वाटणी करावी. संघपती हा मानाचा धनी असला, तरी सर्व कामे त्याच्याकडे देऊ नयेत. प्रवास, निवास, भोजन, हिशेब आणि आरोग्य या पाच कामांसाठी पाच माणसे नेमावीत. दर दहा यात्रेकरूंमागे एक गटप्रमुख असावा व त्याच्याजवळ आपल्या गटाची यादी असावी. यादीत नाव, वय, घरचा दूरध्वनी, रक्तगट, चालू औषधे व आहाराचे नियम यांची नोंद करावी.

साठीपुढील प्रत्येकाने रक्तदाब, रक्तातील साखर व हृदय यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा आपल्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. मधुमेहाच्या रुग्णाने उपाशीपोटी चढ चढणे धोक्याचे आहे. त्या दिवशी औषधाची मात्रा काय ठेवावी हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. ज्यांना चढ झेपणार नाही त्यांना तसे गावीच, प्रेमाने पण स्पष्ट सांगावे. मधुबनात सांगितले, तर मनुष्य संकोचाने ऐकत नाही आणि अर्ध्या वाटेवर बसतो. सरावासाठी निघण्यापूर्वी महिनाभर रोज चालावे. कुंभोजजवळच्या बाहुबली डोंगरासारखी टेकडी जवळ असल्यास आठवड्यातून एकदा ती चढावी.

पैशाच्या बाबतीत एकच नियम पाळावा : दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती आणि केलेल्या प्रत्येक खर्चाची नोंद. अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा आकस्मिक खर्चासाठी राखून ठेवावा. परतल्यावर आठ दिवसांत हिशेब बस्तीत वाचून दाखवावा. पुढच्या वर्षीचा संघ निघतो तो या वाचनाच्या विश्वासावर.

प्रवास

गया-धनबाद लोहमार्गावरील पारसनाथ हे जवळचे स्थानक होय. तेथून मधुबन रस्त्याने सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. कोल्हापूरहून धनबादला जाणारी साप्ताहिक दीक्षाभूमी एक्स्प्रेस गयामार्गे जाते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते; पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. जुन्या अनुभवावर विसंबणाऱ्या व्यवस्थापकाने हा बदल ध्यानी घ्यावा. परतीच्या तिकिटापूर्वी एक दिवस मोकळा ठेवावा, कारण पर्वतावरून उतरलेल्या माणसास त्याच रात्री गाडीत बसविणे ही त्याची परीक्षा पाहण्यासारखे आहे.

रेल्वेतील भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपेल असे बेत आखावेत. दशम्या, चटणी, भाजके चणे, राजगिऱ्याच्या वड्या असे टिकाऊ जिन्नस बरोबर असावेत. पाणी गाळून व उकळून वापरण्याचा जैनांचा नियम आरोग्याच्या दृष्टीनेही उत्तम आहे. प्रवासाच्या धांदलीत तो सैल होऊ देऊ नये.

पर्वतावरील दिवस

बहुतेक संघ रात्री दोन-तीन वाजता मधुबनातून निघतात, म्हणजे उजाडताना माथा गाठता येतो. प्रत्येकाजवळ विजेरी व काठी असावी. वाटेत गंधर्वनाला आणि सीतानाला ही दोन ठिकाणे लागतात. दिगंबर यात्रेकरू पूजेचे द्रव्य सीतानाल्यावर धुतात. माथ्यावर पोहोचताच गौतमस्वामींची टोंक येते. तेथून एका अंगास दूरवर चंद्रप्रभूंची टोंक, तर दुसऱ्या अंगास सर्वांत उंचावर पार्श्वनाथांची टोंक आहे. थकलेल्या माणसाने सर्व टोंका करण्याचा हट्ट धरू नये. कोणी कोठून परतावे याचा निर्णय आधीच ठरवून गटप्रमुखास सांगून ठेवावा.

चढापेक्षा उतार गुडघ्यांना अधिक जाचतो आणि बहुतेक घसरणे उतारावरच होते. म्हणून उतरताना घाई करू नये. ज्यांना व्रताची अडचण नाही त्यांनी जलसंजीवनी व थोडे खाणे जवळ बाळगावे, मात्र त्याचे कागद व पिशव्या परत खाली आणाव्यात.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक आपल्या मातोश्रींसमवेत अशाच एका संघातून गेला होता. संघात बेचाळीस माणसे होती. दुपारी चारपर्यंत सर्व जण धर्मशाळेत परतले, अशी समजूत झाली. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याच्या गडबडीत पंगत बसली आणि वाढणाऱ्याच्या लक्षात आले, की एक पान रिकामे आहे. सत्तरीच्या एक अक्का आल्या नव्हत्या. प्रत्येकास वाटत होते, की त्या दुसऱ्या कोणाबरोबर आहेत. चौघे जण विजेऱ्या घेऊन निघाले. पाऊण तासाने वाटेवर दोन डोलीवाले भेटले. त्यांनी आपल्या रिकाम्या परतणाऱ्या डोलीत अक्कांना बसवून आणले होते. एका वळणावर गुडघा धरून त्या बसल्या होत्या.

डोलीवाल्यांनी पैशाची गोष्ट काढली नाही. त्यांतील वयस्क माणूस इतकेच म्हणाला, की आमच्यातला एक जण नेहमी सर्वांच्या मागून उतरतो, तुमच्यात मागे कोण होते? याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. अक्का मात्र कोणावर रागावल्या नाहीत. ‘‘मी मागं हाय हे कुणाला ठावं असणार?’’ असे म्हणून त्यांनी त्या रात्री पाणीही न घेता वळकटी उलगडली. सूर्य मावळून गेला होता.

तेव्हापासून प्रस्तुत लेखक दोन नियम आग्रहाने सांगत आला आहे. संघाच्या मागे एक धडधाकट माणूस शेवटपर्यंत राहिलाच पाहिजे, आणि निघताना, माथ्यावर, उतरताना सीतानाल्यावर व मधुबनात अशी चार वेळा नावे पुकारून मोजणी झालीच पाहिजे. त्याला काही खर्च येत नाही.

पर्वत आणि त्याचे शेजारी

यात्रेकरूच्या वजनाप्रमाणे दोन किंवा चार माणसे डोली वाहतात. त्यांतील पुष्कळ जण आसपासच्या गावांतील कष्टकरी आहेत. दर आधी ठरवावा, वाटेत घासाघीस करू नये, आणि त्यांच्या विश्रांतीचा व जेवणाचा विचार करावा. अहिंसेच्या क्षेत्री जाणाऱ्याने दुसऱ्याच्या खांद्याचे ओझे विसरणे शोभत नाही.

हाच पर्वत संथाळांना ‘मरांग बुरू’ म्हणून पूज्य आहे. पर्वतावर त्यांचीही श्रद्धास्थाने आहेत. शिवाय हा भाग पारसनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र शासनाने अभयारण्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अधिसूचित केले. त्यातील पर्यटनविषयक तरतुदींमुळे क्षेत्राचे पावित्र्य बिघडेल, या भीतीने २०२२ च्या अखेरीस जैन समाजाने देशभर निदर्शने केली. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तेथील पर्यटनविषयक कामांना स्थगिती दिली. मद्य व मांसाहार, मोठ्याने संगीत, झाडांची हानी, अनधिकृत मुक्काम यांवरील बंदी काटेकोर पाळण्याचे निर्देशही राज्य शासनास दिले. देखरेख समितीत जैन समाजाचे दोन व स्थानिक आदिवासी समाजाचा एक सदस्य घेण्यास सांगण्यात आले. पुढे संथाळ समाजानेही आपल्या हक्कांसाठी आवाज उठविला. यावरून यात्रेकरूने एवढे ध्यानी घ्यावे, की आपण ज्या पर्वतास वंदन करतो त्याला वंदन करणारे इतरही आहेत.

आपल्या गावासाठी बोध

हे सर्व केवळ एका दूरच्या पर्वतापुरते नाही. आपल्याकडेही मांगी-तुंगी, गजपंथा, कुंथलगिरी ही डोंगरांवरील जैन क्षेत्रे आहेत आणि इतर धर्मपंथांच्या यात्राही डोंगरांवर भरतात. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी येथे चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. त्या दिवशी भक्ती कमी नव्हती. अरुंद, निसरडी वाट आणि अनावर गर्दी यांनी घात केला.

गावातून संघ निघतो तेव्हा ग्रामपंचायतीने यात्रेकरूंची एक यादी आपल्या दप्तरी ठेवावी, आरोग्य केंद्राने तपासणीचा एक दिवस द्यावा, शिक्षकांनी मार्गाचा नकाशा काढून समजावून द्यावा. ही कामे लहान आहेत. परंतु संघ परतून बस्तीसमोर उतरेल तेव्हा गेलेली सर्व माणसे त्यात असावीत, हे पाहण्याची जबाबदारी यामुळे साऱ्या गावाची होते. शेवटच्या माणसाचे पान वाढून झाल्यावरच व्यवस्थापकाने स्वतःचे पान वाढून घ्यावे.